जिन्यात थांबलेली खुर्ची

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी सकाळी, सुवाऱ्यांचा, म्हणजे पुऱ्यांचा, पहिला घाणा कढईत असताना, चंद्रकांताबाई खुर्चीसकट जिन्यात मधोमध थांबल्या. ना वर, ना खाली. खुर्ची थांबली तेव्हा त्यांच्या मांडीवर जपमाळ होती आणि पायात मोजे होते, आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता.

"माय, बटन दाब," टेकचंद खालून म्हणाला.

"दाबूनच राहिली."

"जोरानं दाब."

"बटन हाये थे, लिंबू नाही," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

एवढ्यात वरच्या मजल्याच्या दारात मोहित आला, त्याच्यामागे त्याची बायको रीता आली. खाली टेकचंदच्या मागे त्याची बायको नंदाबाई झारा हातात घेऊन उभी राहिली. घर अर्जुनी मोरगावातलं, दुमजली, स्लॅबचं. खालचा मजला थोरल्या टेकचंदचा, वरचा धाकट्या मोहितचा. बाप गेल्यापासून दीड वर्षात भावांनी धानाची बांदी वाटून घेतली, बोडीचं, म्हणजे शेतावरच्या तळ्याचं, पाणी आठवड्या-आठवड्याने वाटून घेतलं, ट्रॅक्टर एकाने आणि पिकअप दुसऱ्याने घेतली, आणि हे सगळं एकदाही आवाज न चढवता केलं, याचा गावात उगाच बोलबाला झाला. वाटायची राहिली होती फक्त आई. दिवसा ती खाली टेकचंदकडे असायची आणि संध्याकाळी वर मोहितकडे झोपायला जायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला जिना चढता येत नव्हता, म्हणून मोहितने नागपुरातल्या एका पाडायला काढलेल्या बंगल्यातून ही खुर्ची उचलून आणली होती. भिंतीलगत पायऱ्यांवरून एक लोखंडी रूळ, रुळावर खुर्ची, हाताशी बटण. गावातली निम्मी माणसं ती बघून गेली होती आणि उरलेली निम्मी तीत बसून गेली होती.

खुर्ची श्रावणात एकदा बंद पडली होती. तेव्हा नवेगाव बांधहून सुकरामकाका आले होते. ते चंद्रकांताबाईंचे दीर, आणि घरातला शेवटचा शब्द आता त्यांचा. त्यांनी जिन्याकडे बघून निकाल देऊन टाकला होता. "खुर्ची चालते तोवर वैनी दोन्हीकडं. आता पुन्हा बंद पडली का वैनी कायमची खाली. म्हातारपनी बाईमानसानं असं लटकत राहू नये." आणि आज मंडईला काका आदल्या संध्याकाळीच येऊन ओसरीतल्या खाटेवर बसलेले होते. म्हणजे निकालाला साक्षीदार शोधायची सुद्धा गरज नव्हती.

"पडली का नाही बंद?" नंदाबाई म्हणाली. ती ते कोणाला उद्देशून म्हणाली हे सगळ्यांना कळलं. "मी म्हनतच होती. उचला मायले अन् आना खाली."

"बटरी उतरली असन," मोहित वरून म्हणाला. "रीता बघते ना. दम धरा."

"गोंदियावाली बघन," नंदाबाई म्हणाली आणि कढईकडे गेली, कारण घाणा करपत होता.

रीता आत गेली आणि टेस्टर, मीटर, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. तिच्या बाबूजींचं गोंदियात जळलेल्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान होतं आणि तिने स्वतः पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता, ज्याचा या घरात आजवर मिक्सर आणि इस्त्री यांपलीकडे कोणाला उपयोग झाला नव्हता. पण आज ती मिक्सरसाठी उभी नव्हती. मोहित राइस मिलच्या मशिनरीचा माणूस, आठवड्यातले चार दिवस बालाघाट-राजनांदगावकडे. त्या रात्री वरच्या मजल्यावर दोघीच असत, ती आणि सासू. लग्न होऊन आली तेव्हा तिला इथली बोली धड कळत नव्हती. 'काऊन' म्हणजे का हे तिला सासूने झोपताना, अंधारात शिकवलं. या घरात तिला गोंदियावाली न म्हणता रीता म्हणणारी एकच बाई होती. ती बाई कायमची खाली गेली तर वर काय उरतं, हे रीताने अनेकदा मनात मोजून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी तिला भीती वाटली होती. तेव्हा खुर्ची चालायलाच हवी होती, आणि ती आजच, काका खाटेवर बसलेले असतानाच चालायला हवी होती.

"आत्याबाई, भेवू नका," ती पायऱ्या उतरून खुर्चीपाशी थांबली.

"मी कायले भेवू? मी बसली हावो."

बाबूजी दुकानात एकच गोष्ट सांगत. "बेटा, अंदाज मत लगा. करंट जहां से निकला वहां से चल, जहां नहीं मिला वहां रुक." रीता खुर्चीच्या बाजूने अंग चोरून खाली उतरली आणि निघाली ती थेट भिंतीतल्या बोर्डापासून. टेस्टर लावला, दिवा लागला. बटण चालू होतं, प्लग घट्ट होता. पुढे चार्जरचा डबा, त्याचा हिरवा दिवा व्यवस्थित जळत होता. डब्यातून निघालेली वायर रुळाच्या खालच्या टोकाला जात होती. तिथे तांब्याच्या दोन पट्ट्या होत्या. खुर्ची टोकाला येऊन टेकली की याच पट्ट्यांवरून तिच्या बॅटरीत वीज जायची.

तांबं दिसत नव्हतं. पट्ट्यांवर हळद होती, हळदीवर कुंकू होतं, त्यावर तूप घट्ट झालं होतं आणि तुपात तांदळाचे दाणे नीट बसवलेले होते.

"जाऊबाई," रीता म्हणाली, "हे कोणी केलं?"

नंदाबाई पदराला हात पुसत आली. "मी केलं. पाडव्याले. ट्रॅक्टरची पूजा केली, पान्याच्या मोटारीची केली, मंग यंत्राले कायले सोडू?"

"पण इथंच काऊन लावलं?"

"चमकून राहिलं होतं. मले वाटलं तोंड असन."

सुकरामकाका खाटेवरून उठून येऊन वाकून बघत होते. त्यांनी मान हलवली. पूजेत त्यांना खोट दिसली नाही.

रीताने चिंधी घेतली, रॉकेलचा थेंब लावला आणि पट्ट्या घासल्या. तांबं निघालं. पण घासता घासता तिचा हात थांबला. हिशोब जुळत नव्हता. खालचं टोक बंद झालं तरी खुर्ची रात्रभर वर असते, वरच्या टोकालाही तशाच पट्ट्या आहेत. रात्रभरात बॅटरी तिथे भरायलाच हवी. ती पुन्हा सासूच्या बाजूने अंग चोरून वर गेली. वरच्या टोकाला गुलाल होता. गुलालावर खोबऱ्याचा तुकडा गुळाने चिकटवलेला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

पाडव्याला रीता भाऊबिजेसाठी गोंदियाला गेलेली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी बी केली पूजा," मोहित म्हणाला. "आपल्या टोकाची."

"एका खुर्चीच्या दोन पूजा?" काका खालून म्हणाले.

"वाटनीत वरचं टोक माहं येते, काकाजी."

काका विचारात पडले. "म्हंजे खालच्या टोकाले पूजा झाली, वरच्या टोकाले झाली. अन् मधात?"

"मधात कोनी नाही केली," टेकचंद म्हणाला.

"मंग तिथंच थांबली नं थे," काका म्हणाले, आणि त्यांच्यापुरता तपास तिथेच संपला. त्यांनी नंदाबाईकडे चहा मागितला.

रीताने वरच्याही पट्ट्या पुसल्या. आता कारण सापडलं होतं: दोन्ही टोकं मुक्यानेच पुजली गेली, एकाला दुसऱ्याने विचारलं नाही, आणि पाडव्यापासून खुर्ची उपाशीपोटी पळत होती. मंडईला आलेल्या पाहुण्यांच्या पोरांनी काल दिवसभर तिच्यावरून वर-खाली केलं होतं. दोन दिवस ती टूं-टूं करून ओरडतही होती. मोहितला तो कोणाचा तरी मोबाईल वाटला आणि टेकचंदला देवळातला भोंगा. आता टूं-टूंसुद्धा बंद झालं होतं. ओरडण्यापुरतीही वीज उरली नाही, असं रीताने मनात नोंदवलं. इथे ती चुकली, पण ते नंतर कळायचं होतं.

"चार्ज व्हायला खुर्ची टोकाला जायला पायजे," ती म्हणाली. "आणि टोकाला जायला चार्ज पायजे."

"म्हनून म्हनतो, उचलू मायले," टेकचंद पायऱ्या चढायला लागला. त्याचं वजन वर्षभरात खूप उतरलं होतं, शर्ट खांद्यावरून घसरत होता. "मी एकटा आनतो."

"खाली कायले?" मोहित म्हणाला. "वर आन. वरचं अंतर कमी हाये."

"वर नेऊन काय करतं? सारे पाहुने खाली."

"अन् संध्याकारी काय फेकून देशीन वर?"

"मले कोनी हात लावू नका," चंद्रकांताबाई मधूनच म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण टेकचंदचा पाय पायरीवर थांबला. "पोतं नोहो मी. रीता काय करते थे करू द्या."

रीताला तेवढं पुरेसं होतं. तिने जिन्याच्या कठड्याला धरून खुर्चीखालचं झाकण काढलं. आत दोन छोट्या बॅटऱ्या होत्या, बारा बारा व्होल्टच्या, एकीला दुसरी जोडलेली. अशा दोन बॅटऱ्या गावात मंडईच्या दिवशी कुठून मिळणार? मग तिच्या लक्षात आलं की घरातच आहेत. भारनियमनाने सगळ्यांना इन्व्हर्टर घ्यायला लावले होते, आणि वाटणी झाल्यावर ते दोन झाले होते. खाली एक, वर एक. दोन्ही बारा व्होल्टचे.

"भाऊजी, तुमची बॅटरी आणा. आणि तुम्ही आपली," ती मोहितला म्हणाली. "दोन्ही लागतील. एकीनं नाही होत."

"माही एकटी मोठी हाये," टेकचंद म्हणाला. "नवी हाये."

"नवी असली तरी बाराच आहे. चोवीस पायजे."

दोघे भाऊ आपापली बॅटरी उचलून जिन्यात आले, एक वरून, एक खालून. वजनाने दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बॅटऱ्या आईच्या पायांच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यांवर ठेवल्या गेल्या. मग वायर जोडताना, टेकचंदच्या बॅटरीचं टोक पहिलं लागावं की मोहितच्या, यावर थोडं बोलणं झालं. रीताने सांगितलं की पहिलं-दुसरं असं काही नसतं, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला लागतो. दोघांनाही आपण मायनस आहोत असं वाटलं. पण आईच्या देखत ते बोलणं वाढलं नाही.

"आत्याबाई, आता दाबा."

चंद्रकांताबाईंनी बटण दाबलं. काही झालं नाही.

"जरली मोटार," नंदाबाई खालून म्हणाली. तिच्या आवाजात आनंद असेल असं रीताला वाटलं होतं, म्हणून तिने मान वळवून पाहिलं. आनंद नव्हता. नंदाबाई दोन्ही हातांनी खांब धरून उभी होती आणि तिचं लक्ष खुर्चीकडे नव्हतं, टेकचंदकडे होतं.

रीताने मीटरची दोन टोकं घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बॅटरीवर चोवीस. झाकणातल्या फ्यूजच्या अलीकडे चोवीस, पलीकडेही चोवीस. तिथून वायर खुर्चीच्या उजव्या हातात चढत होती. हाताच्या खालच्या टोकाला चोवीस. हातातून परत उतरणाऱ्या वायरवर शून्य. करंट हातात जात होता आणि हातातून बाहेर येत नव्हता. हाताच्या वर सासूबाईंचं मनगट होतं, आणि मनगटावरून पदर पसरलेला होता.

रीता जरा वेळ मीटरकडे बघत राहिली. खुर्चीच्या हातात बटण असतं आणि बटणाच्या खाली एक चाबी असते. पोरांनी खेळू नये म्हणून दिलेली. चाबी फिरवून काढली की खुर्ची मेल्यासारखी होते, आणि टूं-टूंसुद्धा बंद होतं.

"सगळे बाहेर जा," ती म्हणाली. "इथे कव्हर खोलायचं आहे, ठिणगी उडेल. दार लावून घ्या दोन्हीकडून."

ठिणगीचं नाव काढल्यावर काकाही उठले. वरचं दार लागलं, खालचं लागलं. जिन्यात दोघीच उरल्या. रीताने पदर बाजूला केला. चाबीची जागा रिकामी होती.

"कुठं आहे?" तिने विचारलं.

चंद्रकांताबाईंनी कमरेला खोचलेली चाबी काढली आणि तळहातावर ठेवली. "बटरी खरीच उतरली होती," त्या म्हणाल्या. "मी काढली तवा थे टूं-टूं करूनच राहिलं होतं. तू थे खोटं नको समजू. तुहं काम खरं हाये."

"काऊन काढली?"

"काकाजीच्या समोर बंद पडाले पायजे होती म्हनून."

"तुम्हाले खाली राहाचं हाये? मग सांगायचं ना मले. मी काय धरून ठेवली असती? माझं काही चुकलं का?"

"तुहं काय चुकन वो." चंद्रकांताबाईंनी तिचा हात ओढून जवळच्या पायरीवर बसवलं आणि आवाज खाली केला. "टेकचंद रातच्याले उठते. बोडीच्या पारीवर जाऊन बसते. पान्याकडं तोंड करून. बाप गेला तवापासून. पयले कधीमधी जाये, आता रोजच जाऊन राहिला. नंदाबाई मांगंमांगं जाते अन् झाडाआड उभी राहते, पोरं झोपली असते म्हनून आवाज बी करता येत नाही तिले. मागल्या हप्त्यात मले सांगतलं तिनं, माह्या पायावर डोस्कं ठेवून रडली. मी वर राहतो. मले काहीच आयकू येत नाही."

रीताला सकाळपासूनचं नंदाबाईचं प्रत्येक वाक्य पुन्हा ऐकू आलं. उचला आणि आना खाली. तिला वाटलं होतं की जाऊ सासू ओढून घेते आहे. रीताला स्वतःची लाज वाटली.

"मग काकाजीला सांगा. ह्यांना सांगा."

"काय सांगू? पन्नाशीतल्या मानसाले मायच्या जवळ निजवा लागते म्हनून? मंडईच्या दिवशी, पाहुन्याइच्या समोर? तो मान खाली घालून मरन पोरी. अन् मोहित म्हनन मायनं दादाले निवडलं. खुर्ची बिघडली तं कोनी कोनाले निवडलं नाही." त्यांनी श्वास घेतला. "तो मी समोर बसली तं जेवते. दारात निजली तं मले ओलांडून नाही जानार थो. लहानपनापासून नाही ओलांडत."

"आणि मी?" रीताने विचारलं. विचारायचं नव्हतं तरी विचारलं.

चंद्रकांताबाईंचे डोळे भरून आले, पण त्या पुसायला गेल्या नाहीत. "तू सुधरवून घेतं," त्या म्हणाल्या. "त्याले नाही येत."

खाली कोणीतरी दार वाजवलं. मोहित वरून विचारत होता, सापडला का फॉल्ट. रीता उठली. तिने चाबी सासूच्या तळहातावरून उचलली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. बॅटऱ्यांच्या वायरी काढल्या. झाकण बसवलं आणि त्याचा एकेक स्क्रू घट्ट केला, घाई न करता, जणू बाबूजी मागे उभे आहेत. मग तिने दोन्ही दारं उघडली.

"मोटर गेली," ती म्हणाली. "जळली."

"काय म्हनतं?" मोहितला पटलं नाही. "मघाशी तं तू म्हनून राहिली होती का चार्ज—"

"मघा चुकलं माझं."

"नागपूरवरून मानूस बोलावतो."

"ही मोटर मिळत नाही आता. जुनी कंपनी आहे." ती त्याच्याकडे न बघता बोलली, कारण तो तिच्या कामाबद्दल गावभर सांगत फिरायचा आणि त्याचा चेहरा आता पडला होता. "राहू द्या."

सुकरामकाकांनी खाटेवरूनच निकाल वाचला. "मंग ठरलं. वैनी खाली. संपली वाटनी."

मोहित काहीतरी बोलणार होता. पण टेकचंद एव्हाना वर चढून आला होता आणि त्याने आईसमोर दोन्ही हात जुळवून पाळणा केला होता. दुसऱ्या बाजूला माणूस हवा होता. मोहितने क्षणभर भावाकडे पाहिलं आणि त्याच्या मनगटात आपलं मनगट गुंतवलं. आई या वेळी पोत्याबद्दल काही बोलली नाही. दोघांच्या गळ्यात हात टाकून ती पायरी-पायरीने खाली गेली.

दवनीवाड्याहून नंदाबाईच्या माहेरची माणसं तेवढ्यात पोचली. त्यांच्यातल्या एका म्हातारीने ओसरीत बसता बसता विचारलं, "वो चंद्रकांता, तुही लहानी सून खुर्ची सुधरवते म्हंते. गोंदियात शिकली म्हंते."

चंद्रकांताबाई खाटेवर टेकल्या, पाय नीट केले, आणि रीताकडे न बघता म्हणाल्या, "लय खटपट केली पोरीनं. नाही जमलं तिले."

म्हातारीने रीताकडे पाहिलं. मोहितनेही पाहिलं, काकांनीही पाहिलं.

"नाही जमलं मले," रीता म्हणाली.

मग ती वर गेली. सासूची सतरंजी, उशी आणि पांघरायची वाकळ एकात एक गुंडाळून, दोन्ही हातांत घेऊन खाली आली. नंदाबाईने मधल्या खोलीतली भिंतीकडची जागा दाखवली. रीता तिथे थांबली नाही. ती सरळ बाहेरच्या दाराशी गेली आणि दिवसाढवळ्या, पाहुण्यांच्या देखत, उंबऱ्याच्या आत सतरंजी आडवी अंथरून पाहिली. दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. एका बाजूला वितभर जागा सुटत होती. तिने सतरंजी सरकवली आणि ती जागा बुजवली.

नंदाबाई झारा हातात घेऊन ते बघत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला आणि तिने पटकन तोंडावर पदर घेतला.

"दारात कायले?" टेकचंदने विचारलं. "तिथं थंडी वाजन मायले."

रीता गुडघ्यावर बसल्या बसल्या उशी ठोकत होती.

"मले हवा लागते," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "राहू दे तिथंच."

टेकचंद अंथरुणाकडे बघत उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बरं."